कागद गप्प बसत नाही

१९७२ सालच्या नोव्हेंबरात ॲम्स्टरडॅमच्या फोडोर म्युझियममध्ये एक जाहीर वाद रंगला. वाद घालणारे दोघं चित्रकार नव्हते, समीक्षकही नव्हते. दुसऱ्यांच्या चित्रप्रदर्शनांची पोस्टर आणि कॅटलॉग करणं, हे दोघांचं काम. एकाचं नाव विम क्राउवेल, दुसऱ्याचं यान फान टोर्न. प्रश्न साधा होता आणि अजून सुटलेला नाही. कलाकृती एकाची, पैसे म्युझियमचे, बघणारा तिसराच. मग मधल्या कागदावर डिझायनरनं स्वतः किती बोलायचं?

क्राउवेल यांचं म्हणणं, बोलूच नये. सांगणारा आणि वाचणारा यांच्यात आपण लुडबुड करायची नाही. मजकूर स्वच्छ, नीट, वेळेवर पोचवायचा आणि बाजूला व्हायचं. फान टोर्न यांना हे सोवळं मान्य नव्हतं. कुठलं चित्र मोठं छापायचं, कोणाचं नाव वर घ्यायचं, कुठली अक्षरं वापरायची, या प्रत्येक निवडीत मत असतंच. ते झाकून ठेवण्यापेक्षा वाचणाऱ्याला दिसू द्यावं, म्हणजे त्याला त्याच्याशी भांडता येईल. या वादाची इतकी चर्चा झाली, की चार दशकं उलटून गेल्यावर, २०१५ मध्ये, त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं.

आपल्याकडे प्रदर्शनाचं कार्ड हातात आलं की आपण तारीख बघतो, उद्घाटनाची वेळ बघतो आणि ते खिशात घालतो. त्या कार्डावर एवढं भांडण होऊ शकतं, हे चटकन पटत नाही. म्हणून हे भांडण मुळापासून पाहायला हवं. त्याचं मूळ एका माणसात आहे, आणि त्या माणसाला कागदाची किंमत जिवावर बेतून कळली होती.

बनावट ओळखपत्रं आणि फाडलेली अक्षरं

विलेम सँडबर्ग यांचा जन्म १८९७ चा. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधी ते ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये रुजू झाले. हे शहराच्या पालिकेचं आधुनिक कलेचं संग्रहालय. १९४० मध्ये जर्मनीनं नेदरलँड्स गिळंकृत केलं आणि प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र सक्तीचं झालं. ज्यू नागरिकांच्या ओळखपत्रावर ‘जे’ हे अक्षर असे. ते अक्षर नसलेली खोटी ओळखपत्रं तयार करणाऱ्या गटात सँडबर्ग होते. त्यांचे मित्र, मुद्रक फ्रान्स दुवार यांनी आपल्या छापखान्यात अशी हजारो ओळखपत्रं छापली.

अडचण अशी, की ओळखपत्र कितीही हुबेहूब केलं तरी पालिकेच्या नोंदणी कार्यालयातल्या मूळ कार्डाशी ते ताडून पाहता येई. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्री त्या कार्यालयालाच आग लावण्यात आली. योजना आखणाऱ्यांत सँडबर्गही होते. पकडल्या गेलेल्यांपैकी १२ जणांना १ जुलैला गोळ्या घालण्यात आल्या. दुवार यांना पुढच्या वर्षी तेच मरण आलं. सँडबर्ग निसटले आणि युद्ध संपेपर्यंत खोट्या नावानं खेड्यापाड्यांत लपून राहिले.

त्या अज्ञातवासात त्यांनी हातानं छोट्या छोट्या वह्या केल्या. ‘एक्सपेरिमेंटा टिपोग्राफिका’ या नावानं त्या ओळखल्या जातात. मिळेल त्या कागदाचे तुकडे, चिकटवलेली, रंगवलेली, फाडून घडवलेली अक्षरं, मध्ये अवतरणं. १९४५ मध्ये ते स्टेडेलिकचे संचालक झाले आणि १९६२ अखेरपर्यंत त्या खुर्चीत राहिले. या सगळ्या काळात म्युझियमची पोस्टर आणि कॅटलॉग ते स्वतःच करत होते. अशी शेकडो कामं त्यांच्या नावावर आहेत. दिवसभर संचालकाचं काम, उरलेल्या वेळात छपाईची मांडणी.

ती मांडणी आजही लांबून ओळखू येते. पार्सल बांधायचा तपकिरी, खरबरीत कागद. त्यावर एखादं मोठं अक्षर, कात्रीनं न कापता हातानं फाडलेलं, कडेला कागदाचे तंतू दिसताहेत असं. आणि जवळजवळ नेहमी कुठेतरी भडक लाल. छपाई पालिकेच्याच छापखान्यात होई. चित्रांच्या छपाईला गुळगुळीत कागद लागतो, म्हणून ती पानं वेगळी. मजकुराला मात्र साधा, शोषून घेणारा कागद. एकाच कॅटलॉगमध्ये तीन-चार जातींचे कागद हाताला लागत. युद्धानंतरच्या टंचाईतून आलेली सवय त्यांनी सुबत्तेच्या काळातही सोडली नाही, कारण तोवर ती त्यांची भूमिका झाली होती. ज्या म्युझियमच्या गडद विटांच्या आणि नक्षीच्या भिंती त्यांनी १९३८ मध्येच पांढऱ्या करायला लावल्या होत्या, त्याचा कागदही देवळातल्या मूर्तीसारखा लांबून बघायचा नसावा, हाताळायचा असावा, असं त्यांना वाटे.

तक्रारही होतीच. प्रदर्शन कोणाचंही असो, कॅटलॉग सँडबर्ग यांचाच वाटतो. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. काम देणारा आणि काम करणारा एकच माणूस होता. त्या फाडलेल्या अक्षरांची जबाबदारी कोणावर, हे विचारायची गरज पडत नसे.

जाळी

सँडबर्ग पायउतार झाले आणि एडी द विल्ड संचालक झाले. त्यांनी आइंडहोवनच्या फान आबे म्युझियममधून आपला जुना सहकारी बरोबर आणला, तो म्हणजे विम क्राउवेल. १९६४ पासून १९८५ पर्यंत स्टेडेलिकच्या छपाईवर क्राउवेल यांचा हात होता. वर्षभर आधी, १९६३ मध्ये, त्यांनी चार भागीदारांबरोबर ‘टोटल डिझाइन’ ही संस्था काढली होती.

त्यांनी पहिलं काम केलं ते जाळी आखण्याचं. पोस्टर असो की कॅटलॉग, पानाचे ठरावीक उभे-आडवे भाग पाडायचे. म्युझियमचं नाव कुठे, तारीख कुठे, मजकुराचे रकाने किती, चित्र कुठून कुठपर्यंत, हे एकदा ठरलं की ठरलं. यामागे सौंदर्यदृष्टी होती तसा व्यवहारही होता. अशा म्युझियममध्ये वर्षाला कित्येक प्रदर्शनं होतात. प्रत्येक वेळी कोऱ्या पानापासून सुरुवात करायची तर वेळ आणि पैसा दोन्ही अपुरे पडतात. जाळी असली की निम्मे निर्णय आधीच झालेले असतात, स्टुडिओतला नवा मदतनीसही काम पुढे नेऊ शकतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला चार पोस्टरांतून म्युझियमचं पोस्टर वेगळं काढता येतं. आज ज्याला संस्थेची ‘व्हिज्युअल आयडेंटिटी’ म्हणतात ती हीच: एखादं बोधचिन्ह नव्हे, तर वर्षानुवर्षं पाळलेली शिस्त.

१९६८ मध्ये स्टेडेलिकमध्ये डिझायनरांच्याच कामाचं ‘फोर्मखेवर्स’ नावाचं प्रदर्शन भरलं. त्याच्या पोस्टरसाठी क्राउवेल यांनी ती जाळीच छापली. एरवी छपाईत न दिसणाऱ्या रेषा चक्क समोर, आणि त्या चौकोनांत बसवलेली, सगळी छोट्या लिपीतली अक्षरं. इमारतीच्या भिंती काढून नुसती परांची उभी ठेवावी तसा प्रकार. डिझायनरनं दिसू नये म्हणणाऱ्या माणसाचं हे सर्वांत गाजलेलं पोस्टर आहे, आणि ते बघताच कोणाचं ते कळतं.

क्राउवेल यांच्या कामात अशी विसंगती आधीपासूनच होती. १९५७ मध्ये फान आबेसाठी त्यांनी फेर्नां लेजे यांच्या प्रदर्शनाचं पोस्टर केलं. लेजे आपल्या आकृत्यांना जाड काळ्या रेषेनं बांधत. पोस्टरवर त्यांचं नावच तशा जाड, ठोकळेबाज काळ्या अक्षरांत आलं. चित्र न छापता चित्रकाराचा स्वभाव अक्षरात उतरला. हे बाजूला होणं खासच नव्हे. हा चित्रकाराविषयीचा अभिप्राय आहे, फक्त तो शब्दांत दिलेला नाही.

मराठी वाचकाला ही किमया परकी नाही. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली आहेत, त्यांना नाटकाचं नाव वाचतानाच नाटकाचा बाज कळायचा. विनोदी असेल तर अक्षरं डुलायची, करुण असेल तर वाकायची. शेडगे यांनी कधी म्युझियमचा वाद घातला नाही. पण नाट्यगृहात शिरण्याआधीच नाटकाचा पहिला अर्थ त्यांनी लावून दिलेला असायचा.

आइंडहोवनमध्ये क्राउवेल यांची जागा १९६५ मध्ये फान टोर्न यांनी घेतली. तिथले नवे संचालक ज्याँ लेअरिंग यांना म्युझियम म्हणजे समाजाशी वाद घालायची जागा वाटे, आणि फान टोर्न यांनी कागदही तसाच केला. एका प्रदर्शनासारखं दुसरं दिसणार नाही, याची काळजी घेतली. कुठे हातानं लिहिलेलं, कुठे मुद्दाम ओबडधोबड. फोडोरमधल्या त्या वादात दोन माणसं बोलत होती, पण खरं तर एकाच देशातल्या दोन म्युझियमांचे दोन ढीग कागद बोलत होते.

शेवटी एक गमतीची गोष्ट घडली. १९८५ मध्ये क्राउवेल स्वतः रॉटरडॅमच्या बोइमान्स फान ब्योनिंगेन म्युझियमचे संचालक झाले. तिथली पोस्टर आणि कॅटलॉग त्यांनी स्वतः केले नाहीत. ते काम ‘एट व्हो’ या लंडनच्या स्टुडिओकडे दिलं. सँडबर्ग यांच्या अगदी उलट. संचालकाची खुर्ची आणि डिझायनरचं टेबल वेगळं ठेवायचं, हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या अंगावर घेऊन पाळलं.

रस्त्यावरचा आणि खिशातला कागद

प्रदर्शन चार भिंतींत असतं, पोस्टर मात्र रस्त्यावर उभं राहतं. त्यामुळे रस्त्याचे कायदे त्यालाच आधी लागू होतात. १८९८ मध्ये व्हिएन्नातल्या बंडखोर चित्रकारांच्या ‘सेसेशन’ गटाचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा गुस्टाव क्लिम्ट यांनी पोस्टरवर राक्षसाशी लढणारा नग्न थीसियस काढला. सेन्सॉरनं हरकत घेतली. क्लिम्ट यांनी नग्नतेवर झाडांचे बुंधे छापून पोस्टर पुन्हा बाहेर काढलं. आज दोन्ही आवृत्त्या उपलब्ध आहेत, आणि शेजारी ठेवल्या की त्या काळाचा इतिहास चार ओळींत कळतो.

उलट टोकाला मार्सेल द्युशां. १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीत डाडा चळवळीचं प्रदर्शन भरलं. त्याचा कॅटलॉग त्यांनी पातळ कागदाच्या एका मोठ्या पानावर छापला होता, आणि तो आलेल्यांना चुरगाळलेल्या बोळ्याच्या रूपात देण्यात आला. उलगडून वाचा, नाहीतर टाकून द्या. फोडोरमधल्या वादाच्या वर्षीच, १९७२ च्या उन्हाळ्यात, जर्मनीतल्या कासेल गावी ‘डॉक्युमेंटा’ या समकालीन कलेच्या प्रदर्शनमालिकेची पाचवी फेरी झाली. चित्रकार एड रुशे यांनी तिच्यासाठी मुंग्यांच्या रांगांतून ‘५’ हा आकडा केला. तो पोस्टरवर आला आणि जाडजूड नारिंगी फाइलसारख्या कॅटलॉगवरही. कॅटलॉग पुस्तकासारखा बांधलेला नव्हता, कार्यालयात असते तशी कड्यांची फाइल होती. त्या बांधणीतच तिचं म्हणणं होतं: हे प्रदर्शन म्हणजे अंतिम निकाल नाही, कागद अजून येत राहतील.

रंग जुळवणारी माणसं

एवढं सगळं डोक्यात ठरलं तरी शेवटी ते यंत्रातून निघायचं असतं. चित्रप्रदर्शनाच्या छपाईतला सर्वांत मोठा तंटा रंगाचा. चित्रकाराच्या पॅलेटवर हवे तितके रंग असतात. ऑफसेट यंत्रावर चारच शाया: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा. बाकी सगळे रंग बारीक ठिपक्यांनी डोळ्याला फसवून मिळवायचे. झळाळता नारिंगी, खोल निळा, काही हिरवे या चार शायांच्या आवाक्यात येतच नाहीत. मग पाचवी, खास घोटलेली शाई लावायची, नाहीतर तडजोड करायची.

त्यातही वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराचं काम छापणं म्हणजे कसोटी. नागपूरला जन्मलेल्या, मुंबईत जे. जे. मध्ये शिकलेल्या गायतोंडे यांच्या चित्रांत रंगाचे पातळ थर एकावर एक असतात आणि प्रकाश आतून येतो असं वाटतं. छपाईत सगळा प्रकाश कागदाच्या पांढरेपणातूनच यायचा असतो. फोटो काढतानाच गडबड झाली की पुढे कोणी ती सुधारू शकत नाही. म्हणून चित्राशेजारी रंगपट्टी ठेवून फोटो घ्यायचा, पृष्ठभागावरची चकाकी मारायची, ठरावीक पांढऱ्या उजेडाखाली प्रूफ मूळ चित्राशी ताडायचं. आणि तरीही मशीन प्रूफ बघताना चित्रकार म्हणतो, “हा माझा निळा नाही.” प्रेसमधला मशीनमन सायन थोडा कमी करतो; लगेच त्याच फर्म्यात शेजारी आलेल्या दुसऱ्या चित्राचा हिरवा मरतो. कारण सोळा पानं एकाच वेळी छापली जात असतात आणि शाईचा नळ एका पट्ट्यातल्या सगळ्या पानांना सारखाच लागतो. कुठली चित्रं कुठल्या फर्म्यात जोडीला घ्यायची, हे जाणणारा डिझायनर कॅटलॉग वाचवतो. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’सारख्या वार्षिकानं गायतोंडे यांना मराठी वाचकांपर्यंत नेलं. त्या कामाचं मोल केवळ मजकुराचं नाही.

मुंबईचं कार्ड

मुंबईत कला आणि छपाई यांचा शेजार जुना आहे. जे. जे. मध्ये कमर्शियल आर्टचा वर्ग १९३५ मध्ये सुरू झाला. चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईत आल्यावर एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी करत. हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवली. १९४९ मध्ये या दोघांचा सहभाग असलेल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचं पहिलं प्रदर्शन बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात झालं, तेव्हा कॅटलॉगमधला मजकूर गटातले चित्रकार सूझा यांनीच लिहिला. केकू गांधी यांनी आधी फ्रेमचा कारखाना काढला आणि मग १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. म्हणजे चित्र काढणारे, त्याची चौकट करणारे आणि त्याचा ब्लॉक करणारे फोर्टातल्या त्याच गल्ल्यांतून चालत होते.

मग आपल्याकडे फोडोरसारखा वाद का झाला नाही? एक कारण उघड आहे. आपल्या मोठ्या गॅलऱ्यांपैकी अनेकांत दालन भाड्यानं मिळतं आणि कार्ड कलावंत स्वतः छापतो. जागा मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं, मिळाली की भाडं, फ्रेमिंग, वाहतूक, उद्घाटनाचा चहा. सगळं खर्चून उरतं त्यात शे-पाचशे कार्डं आणि चार किंवा आठ पानांचं ब्रोशर. पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत, म्हणून पानांचा हिशेब मजकुरानं ठरत नाही, पिनेनं ठरतो. मांडणी भाचा करतो नाहीतर प्रेसमधला ऑपरेटर. संस्थेची सलग ओळख उभी राहणार कशी, जेव्हा दर आठवड्याला कागद करणारा हात बदलतो?

त्यामुळे कार्ड लग्नपत्रिकेच्या वळणावर जातं. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सस्नेह निमंत्रण. चित्र एका कोपऱ्यात. अक्षरांचे आकार मोजा, आणि कोणाला खूश करायचं होतं ते दिसतं. हेही डिझायनरचं मतच आहे, फक्त कोणी ते मुद्दाम मांडलेलं नाही. फान टोर्न यांचा मुद्दा इथे आपोआप सिद्ध होतो. गप्प कागद नसतोच.

आता कार्ड फोनवर येतं. हाताएवढ्या पडद्यावर चित्र अंगठ्याएवढं दिसतं, म्हणून अक्षरं मोठी होत जातात आणि चित्र आणखी आकसतं. छापील कार्डाचा खर्च वाचला, पण तारखेखेरीज दुसरं काही सांगायची जागाही गेली.

लेबलावरची देवनागरी

भिंतीवरचं लेबल हा या सगळ्या साहित्यातला सर्वांत छोटा आणि सर्वांत जास्त वाचला जाणारा कागद. कलावंताचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, आकार, संग्रह. आकारात चित्रांच्या जगात आधी उंची लिहितात, नंतर रुंदी. छापखान्यात रिवाज उलटा, आधी रुंदी. हे माहीत नसलेल्यानं लेबल केलं की उभं चित्र कागदावर आडवं होतं.

त्यात देवनागरी आली की खरी परीक्षा. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं, आपलं अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार. त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच मापात लावल्या तर मराठी बारीक आणि गर्दीची दिसते. मराठीला माप वाढवून द्यावं लागतं आणि दोन ओळींत जागाही जास्त. रोमनसाठी आखलेल्या जाळीत देवनागरी कोंबली की ती भाषा दुय्यम वाटते, कोणी तसं ठरवलेलं नसलं तरी. क्राउवेल यांचा सगळं छोट्या लिपीत लिहिण्याचा आग्रह इथे निरर्थक आहे, आपल्याकडे छोटी-मोठी लिपी नाहीच. पण जाळीचं तत्त्व उपयोगी आहे, अट एवढीच, की तिची पहिली रेषा शिरोरेषेची असावी.

साधनांची सबब आता चालणार नाही. र. कृ. जोशी यांनी आयआयटी पवईत आणि बाहेर देवनागरीचा अभ्यास उभा केला. त्यांनी केलेला ‘मंगल’ फाँट लाखो संगणकांवर पोचला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट कोणालाही फुकट वापरता येतात. तरीही मुंबईच्या अनेक खासगी गॅलऱ्यांत मराठी लेबल शोधावं लागतं. शब्द नसणं हाही एक मजकूर आहे: इथे कोणाची वाट पाहिली जात होती, ते त्यातून कळतं.

नाव छापा

२०१२ मध्ये स्टेडेलिक नव्या इमारतीच्या विस्तारासह पुन्हा उघडलं, तेव्हा नव्या ओळखीचं काम मेव्हिस आणि फान ड्यूर्सन या डिझायनरांकडे गेलं. म्युझियमच्या नावातल्या अक्षरांनीच त्यांनी ‘एस’ या अक्षराचं वळण घडवलं. आवडो न आवडो, टीका कोणावर करायची ते स्पष्ट होतं. क्राउवेल यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन तिथेच सप्टेंबर २०१९ मध्ये उघडलं, आणि ते उघडण्याच्या काही दिवस आधी ते गेले. ज्यानं आयुष्यभर दिसू नये म्हटलं, त्याचं नाव भिंतीवर होतं.

मला वाटतं, फोडोरमधल्या वादाचा खरा निकाल तिथे लागला. दोघांचं भांडण पद्धतीवर होतं. जबाबदारी दोघांनीही झटकली नाही. चांगल्या कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर मांडणी कोणाची, छायाचित्रं कोणाची, भाषांतर कोणाचं, कागद कुठला, अक्षरं कुठली, छपाई कुठे, हे लिहिलेलं असतं. ते आभारप्रदर्शन नव्हे; ती पावती आहे. आपल्या कार्डांवर उद्घाटकाचं नाव असतं, डिझायनरचं आणि मुद्रकाचं नसतं. म्हणून चुकलेल्या रंगाला धनी नाही, दाबलेल्या मराठीला नाही, आणि सुंदर कार्डालाही नाही. ज्याचं नाव छापलं जात नाही त्याच्याशी वाद घालता येत नाही, आणि वाद घातल्याशिवाय काम सुधारत नाही.

पुढच्या प्रदर्शनासाठी एवढं करून पाहावं. दालन भाड्यानं देताना गॅलरीनं कलावंताच्या हाती अर्ध्या पानाची जाळी द्यावी: गॅलरीचं नाव इथे, तारीख इथे, दोन्ही लिप्यांना एवढी जागा. बाकीचं पान कलावंताचं आणि त्याच्या डिझायनरचं. आणि तळाशी, बारीक का होईना, दोन नावं: मांडणी आणि मुद्रण.